रंग, प्रकाश आणि कर्करोग
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण, निजामपुरा, भिवंडी)



कापडाच्या पेठेत वावरणाऱ्यास एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. दुकानाच्या दर्शनी भागी ठेवलेले ठाण बरेच दिवस उन्हात राहिले, तर घडीच्या बाहेरचा रंग विटतो आणि आतला तसाच राहतो. रंग प्रकाश शोषून घेतो, ती ऊर्जा हवेतील प्राणवायूस उत्तेजित करते आणि अनेकदा तोच प्राणवायू रंगाचा नाश करतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे नुकसानच होय. परंतु रंग, प्रकाश आणि प्राणवायू या त्रयीतूनच कर्करोगावरील एक उपचार जन्मास आला. त्यास ‘फोटोडायनॅमिक थेरपी’ असे म्हणतात.

सन 1900 च्या सुमारास जर्मनीतील म्युनिक येथे ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी ॲक्रिडीन या रंगद्रव्याचा सूक्ष्म जीवांवरील परिणाम तपासत होता. तोच रंग, तेच प्रमाण. तरीही जीव मरण्यास लागणारा वेळ मात्र दर खेपेस निराळा. शोध घेता उमगले, की फरक रंगाचा नसून प्रकाशाचा आहे. त्याचे गुरू हेर्मान फॉन टापाइनर यांनी 1903 मध्ये येझिओनेक यांच्यासह इओसिन हा रंग त्वचेच्या कर्करोगावर लावून त्यावर प्रकाश सोडला. आपल्या देशात कोडावर बावचीचे बी लावून ऊन घेण्याची रीत तर फार जुनी आहे. औषध आणि प्रकाश एकत्र आल्यावर गुण येतो, हे सूत्र त्यातही आहेच.

पुढे अमेरिकेतील बफेलो येथे डॉ. थॉमस डॉहर्टी यांनी 1978 मध्ये 25 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. एकूण 113 गाठींपैकी 111 गाठी पूर्णतः वा अंशतः निवळल्या. 1993 मध्ये कॅनडाने मूत्राशयाच्या कर्करोगासाठी आणि 1995 मध्ये अमेरिकेने अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी ‘फोटोफ्रिन’ या औषधास मान्यता दिली.

उपचाराची रीत समजण्यास सोपी आहे. शिरेतून दिलेले औषध निरोगी पेशींतून लवकर निघून जाते, रोगग्रस्त भागात मात्र रेंगाळते. अंधारात ते निद्रिस्त असते. सुमारे दोन दिवसांनी बारीक तंतूवाटे लाल लेसर किरण नेमके गाठीवर सोडले जातात. औषध जागे होते, प्राणवायूचे उग्र रूप निर्माण होते आणि पेशी मरतात; गाठीस रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही बंद पडतात. रुग्णास मात्र पथ्य कडक असते. फोटोफ्रिननंतर किमान महिनाभर ऊन टाळावे लागते, अन्यथा त्वचा भाजून निघते.

या उपचाराची मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्रकाश शरीरात फार खोल जात नाही. त्याचा प्रभाव काही मिलिमीटर, फार तर सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत. खोल रुजलेला वा शरीरभर पसरलेला रोग त्याच्या आवाक्याबाहेर असतो. म्हणजेच हा उपचार मुख्यतः वेळेवर आलेल्याचा उपचार आहे.

येथेच भिवंडीचा संबंध येतो. यंत्रमागाच्या रात्रपाळीत जागे राहण्यासाठी तोंडात तंबाखू धरणारे कामगार आणि गल्ल्यावर बसून मावा चघळणारे दुकानदार सर्वांच्या परिचयाचे आहेत. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सवय सुटलेली नाही. भारतीय पुरुषांत मुखाचा कर्करोग अग्रस्थानी आहे, आणि तोंड ही तर प्रकाश सहज पोहोचेल अशी जागा. अलीगढ येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमेरिकी संशोधकांच्या सहकार्याने, बॅटरीवर चालणाऱ्या स्वस्त दिव्याने मुखाच्या प्रारंभिक कर्करोगावर हा उपचार करून पाहण्यात आला. औषध पिण्यास देऊन तोंडात लाल प्रकाश सोडण्याची ती पद्धत होती. उत्साहवर्धक असली तरी ती अद्याप सर्वत्र रूढ नाही. मुखाच्या कर्करोगावर आजही शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार होय. 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय भिवंडीपासून दूर नाही.

तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसल्यास ‘सीझन संपल्यावर पाहू’ असे म्हणू नये. कारखानदाराने आपल्या कामगारांचे आणि घरातील वडीलधाऱ्यांनी तरुणांचे तोंड वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना दाखवावे. विटलेले ठाण सवलतीत विकता येते. गेलेला माणूस परत येत नाही. विज्ञानाने दिवा हाती दिला आहे. त्याच्यासमोर वेळेवर तोंड उघडणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.

जय जिनेंद्र!