पबच्या उंबऱ्यावर



वयाच्या ६५व्या वर्षापर्यंत मी दारूच्या दुकानाचा उंबरा ओलांडला नव्हता. उंबऱ्यापर्यंत मात्र लहानपणी कितीदा गेले, त्याची मोजदाद नाही. आमचे आण्णा, म्हणजे वडील, इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते. दारूबंदीचे दिवस, त्यामुळे पाटीबिटी काही नव्हती. गल्लीच्या टोकाला पत्र्याची एक खोली, दाराला गोणपाटाचा पडदा. तिला सगळे गुत्ता म्हणत. आठवड्याचा पगार झाला की आई मला तिथं पाठवायची. आत जायचं नाही, पडद्याबाहेरून हाक मारायची, ‘आण्णा, चला की घरला.’ आतून वास यायचा आणि खोकल्याचे आवाज यायचे. बोलणं फारसं ऐकू यायचं नाही. माणसं उभ्या उभ्या ग्लास रिकामा करायची, जिभेवर मिठाची चिमूट ठेवायची आणि बाहेर पडायची. आण्णांनी दोनदा माळ घातली आणि दोनदा काढली.

हे आधी सांगितलं, कारण मला आज आयर्लंडमधल्या एका पबविषयी बोलायचं आहे, आणि मी तिथं किती अवघडून गेले होते हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त डब्लिनला असतात. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी मला गाडीनं देशाच्या दुसऱ्या टोकाला, केरी परगण्यातल्या डिंगल या गावी नेलं. समुद्रकाठचं छोटं गाव, रंगीत दारांची घरं, आणि आसपासच्या खेड्यांत अजूनही आयरिश भाषा बोलली जाते. दिवसभर पाऊस लागला होता. संध्याकाळी मुलगी म्हणाली, ‘आई, पबमध्ये जेवू या.’ मी म्हटलं, ‘तुम्ही दोघं जा. मी बिस्किटं खाऊन झोपते.’

समजावण्यात ती माझ्यावर गेली आहे. (मी ३० वर्षं शाळेत शिकवलं.) म्हणाली, ‘पब म्हणजे पब्लिक हाउस. चारचौघांचं घर. लहान मुलंही आईबापांबरोबर जेवायला येतात तिथं. रात्री नऊपर्यंत कायद्यानं चालतं.’ भूक लागली होती, हेही खरंच. गेले.

दार उघडताच मी सवयीनं श्वास रोखला. मग हळूच सोडला. वास होता तो लोण्याचा, ओल्या लोकरीच्या कोटांचा आणि शेगडीतल्या जळणाचा. सिगारेटचा मुळीच नाही. कामाच्या सगळ्या बंदिस्त जागी, पबसकट, धूम्रपानाला देशभर बंदी करणारा आयर्लंड हा जगातला पहिला देश. २९ मार्च २००४ पासून. छत बुटकं, लाकूड काळपट, आणि बसायला कोपरेच कोपरे. बाकाच्या टोकाला एक बाई विणकाम करत बसली होती. एवढ्यानंच माझा अर्धा धीर परत आला.

या गावातल्या पबांची आणखी एक गंमत. फॉक्सी जॉन्स नावाच्या पबात एका बाजूला बिअर आणि दुसऱ्या बाजूला खिळे, कुलपं, हातोड्या. डिक मॅक्समध्ये समोरासमोर दोन काउंटर, एक दारूचं, एक चामड्याच्या वस्तूंचं. पूर्वी तिकडच्या गावांत किराणा आणि दारू एकाच दुकानात मिळायची. बाई चहापत्ती घ्यायला यायची आणि पुरुष पलीकडे बसलेला असायचा.

बायकांनी प्यायचं झालं तर त्यांच्यासाठी ‘स्नग’ असे, म्हणजे बारला लागूनच लाकडी फळ्यांनी बंद केलेली चिमुकली खोली. छोट्या खिडकीतून ग्लास आत यायचा, कोणी पाहायचं नाही. पाद्री आणि पोलीससुद्धा तिचा फायदा घेत म्हणे! कित्येक पबांत बाईला अख्खा पाइंट देतच नसत, अर्धाच. १९७०च्या दशकात पत्रकार नेल मॅककॅफर्टी आणि तिच्या तीसेक मैत्रिणींनी एका पबात जाऊन आधी ब्रँड्या मागवल्या आणि मग एक पाइंट मागितला. तो नाकारल्यावर ‘मग आम्हीही पैसे देत नाही’ म्हणून त्या निघून गेल्या, ही गोष्ट तिकडे आवडीनं सांगतात. समान दर्जाचा कायदा आला थेट २००० साली. गुत्त्याबाहेर मी उभी राहत असे, आत या बायका लपून बसत. मला वाटतं, दोन्ही बाजूंनी पडदाच.

जावयांनी विचारलं, ‘आई, मी एक घेतली तर चालेल?’ मी म्हटलं, ‘घ्या.’ तोंडातून कसं निघालं कोण जाणे.

त्यांनी मागवली काळी गिनेस. या आर्थर गिनेसनं १७५९ साली डब्लिनमधली जागा वर्षाला ४५ पौंड भाड्यानं तब्बल ९००० वर्षांच्या करारावर घेतली होती. आशावाद म्हणतात तो हा. तर ती ओतायची रीत बघण्यासारखी असते. ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा आणि ठेवून द्यायचा. मालकीणबाई दुसरं काम करते. मग परत येऊन वरचा भाग भरायचा. कंपनी म्हणते, ११९.५ सेकंद. त्या वेळात ग्लासात पाहिलं तर बुडबुडे चक्क खाली जाताना दिसतात. जावई इंजिनिअर. त्यांनी सांगितलं की मधोमध बुडबुडे वरच चढतात आणि बिअरलाही वर ओढतात. ती काचेच्या कडेनं खाली येते आणि नायट्रोजनचे बारीक बुडबुडे सोबत खाली घेऊन येते. मी ते ऐकत होते, पण माझं लक्ष ग्लासासमोर निवांत थांबलेल्या माणसांकडे होतं. कोणी हात पुढे करत नव्हतं. गुत्त्यात थांबलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता.

आता जेवण. आधी माशांचं दाट, दुधाळ सूप आलं, चाउडर. सोबत तपकिरी सोडा ब्रेड आणि लोणी. या पावाला यीस्ट लागत नाही. तिकडचा गहू मऊ, त्याला चांगली ताण येत नाही, म्हणून कणकेत ताक आणि खाण्याचा सोडा घालतात. ताकाच्या आंबटपणानं सोडा फसफसतो, फार न मळता लगेच भाजायचं. म्हटलं, हा तर आपल्या हातचा खेळ. घरी येऊन केला. पहिला वीट झाला, दुसरा जमला.

मग आला स्ट्यू. मटण, बटाटा, कांदा, गाजर, मीठ आणि मिरी. पहिला चमचा घेतला आणि थबकले. ही तर अळणी! आमच्या कोल्हापूर भागात मटणाला मसाला घालण्याआधी नुसत्या मिठाहळदीत शिजवलेलं पाणी काढून ठेवतात. लहान मुलांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला देतात. रविवारी आई मला वाटीभर द्यायची. सात समुद्रांपलीकडे, पबात, आईची अळणी. हळद तेवढी नव्हती. ज्या देशात १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली, तिथं हा वाडगा असा ओसंडून भरलेला पाहून मी शेवटचा बटाटासुद्धा सोडला नाही.

शेजारच्या स्टुलावर एक म्हातारा बसला होता, पुढ्यात चहाची किटली. कोटावर येशूच्या हृदयाचं चित्र असलेली छोटी पिन. मी चहाच मागवला होता, म्हणून बोलणं निघालं. ती पिन ‘पायोनियर’ लोकांची, जन्मभर दारू न पिण्याची शपथ घेतलेल्यांची. एका पाद्र्यानं ही संघटना १८९८ साली डब्लिनला काढली. त्याच्याही आधी, १८३८ पासून, कॉर्कच्या फादर मॅथ्यू यांनी लाखो लोकांकडून अशीच शपथ घेतली होती. म्हणजे आपल्याकडे माळ घालतात तसंच. लाखोंनी शपथ घ्यावी लागली, यावरून त्या देशाला दारूनं किती छळलं असेल ते समजा. पबचं गोडवं गाणाऱ्या पुस्तिका हे सांगत नाहीत. मी म्हाताऱ्याला विचारलं, ‘मग तुम्ही इथं का येता?’ तो म्हणाला, ‘घरी बायको नाही आता. आणि बाकीचे सगळे इथं असतात.’ मग जरा थांबून, ‘माझे वडील प्यायचे,’ एवढंच. मीही म्हटलं, ‘माझेही.’ इंग्रजी दोघांचंही निराळं, पण हे बरोबर कळलं.

त्यानं सांगितलं की पलीकडच्या खेड्यातला पब बंद पडला. २००५ नंतर देशातले दोन हजारांहून अधिक पब बंद झाले आहेत; गाडी चालवणाऱ्यांच्या श्वासाची तपासणी कडक झाली, घरी पिणं स्वस्त पडू लागलं, तरुण शहरात गेले. करोनात तर २०२० साली नियम निघाला की किमान ९ युरोंचं जेवण देणाऱ्या पबांनीच उघडायचं. नुसती दारू देणारे कित्येक महिने कुलूपबंद. ‘त्या वर्षी मी नऊ युरोंचं जेवण जेवलो,’ म्हातारा म्हणाला, ‘भूक नसताना.’ मद्यपान कमी झालं म्हणून मला वाईट वाटायचं कारण नाही. पण हा माणूस चहा कुठं पिणार, हा प्रश्न मला सुटला नाही.

नऊनंतर एक टेबल गवयांनी धरलं. मंच नाही, माइक नाही. फिडल, टिनची बासरी आणि बाउरान, म्हणजे छोट्या दांडीनं वाजवायचा डफ. एकमेकांकडे तोंड करून, स्वतःसाठीच वाजवल्यासारखं. मग कोणीतरी ‘श्श’ केलं आणि आमचा म्हातारा गाऊ लागला, आयरिशमध्ये, साथीशिवाय, डोळे मिटून. विणकाम करणाऱ्या बाईनं त्याचा हात हातात धरला. तशी रीत आहे तिकडे. गाणं संपलं की गाणाऱ्यानं पुढचा गाणारा निवडायचा, तीही एक रीत, ‘नोबल कॉल’ म्हणतात. नकार देणं बरं दिसत नाही.

त्यानं माझ्याकडे बोट केलं.

मुलगी घाईनं म्हणाली, ‘आई गात नाही.’ खरंच, मी गात नाही. पण मी गायले. एक भजन, दोनच कडवी. आवाज चिरकला, बाउरानवाल्यानं हलकेच ठेका धरला, आणि मी शेवटपर्यंत गेले.

परतताना पाऊस थांबला होता. मुलीनं विचारलं, ‘हे भजन तुला कुठून येतं? घरी कधी म्हटलं नाहीस.’

‘आण्णा म्हणायचे,’ मी सांगितलं. ‘गुत्त्यावरून घरी येताना.’

ती रस्त्यातच थांबली. ‘आजोबा गायचे?’