नागपूरच्या बाकाबाई
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या भागात राणी म्हटले की दुर्गावती आठवते, आणि ते योग्यच आहे. १५६४ साली मोगलांशी लढताना तिने प्राण दिले. मराठी घरांत अहिल्याबाईंचे नाव निघते. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांची जयंती मात्र कोणी करीत नाही.

१७९८ पासून १८१७ पर्यंत जबलपूरचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. दुसरे रघूजी भोसले १८१६ मध्ये वारले. गादीवर आलेले परसोजी दुर्बळ. कारभार आपल्याकडे राहावा म्हणून त्यांच्या सावत्र आई बाकाबाईंनी पुष्कळ खटपट केली, पण रघूजींचे पुतणे अप्पासाहेब सरस ठरले. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा खून झाला. नोव्हेंबरात अप्पासाहेब सीताबर्डीची लढाई हरले. पुढे कैद करून प्रयागकडे नेत असताना, मे १८१८ मध्ये, ते आपल्या जबलपूरजवळूनच शिपायाच्या वेषात निसटले! (हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते?)

मग इंग्रजांनी रघूजींच्या मुलीच्या लहान मुलाला तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवले. राजवाडा आणि बाळराजे बाकाबाईंच्या हाती, राज्यकारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती. त्या काळी बाईची सत्ता बहुधा अशीच, कोणाच्या तरी मुलाच्या नावाने चालायची.

तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. बाकाबाई आणि राण्यांनी यशवंतरावांना दत्तक घेऊन जानोजी नाव दिले. डलहौसीने दत्तक नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल, जडजवाहीर लिलावात गेले. वृद्ध बाकाबाईंनी विरोध केला, तो चालला नाही.

आणि तरीही १८५७ साली त्यांनी आपल्या माणसांना सक्त ताकीद दिली, की कोणी उठावात पडू नये. नागपूर त्यामुळे बरेचसे शांत राहिले.

कोणी याला फितुरी म्हणतात. मला ते पटत नाही. गौरव करावा असेही वाटत नाही. सीताबर्डीचा निकाल त्यांनी डोळ्यांदेखत पाहिला होता आणि दत्तक मुलाचा प्रश्न अजून लोंबकळत होता. झाशीच्या राणीपुढेही दत्तकाचाच प्रश्न होता, तिने दुसरी वाट धरली.

बाकाबाई १८५८ मध्ये वारल्या. जानोजींना १८६० मध्ये देऊरचे राजेबहादूर हा किताब मिळाला. राज्य मिळाले नाही.