जुनं कुंपण काढताना

चाकणकडच्या जुन्या घरांच्या परसात शेराचं कुंपण अजून दिसतं. त्यात घाणेरी माजलेली, काटेरी तार खोडात रुतलेली. शेराची फांदी मोडली की पांढरा चीक उडतो. डोळ्यात गेला तर नजरेवर बेतू शकतं. चष्मा, हातमोजे हवेतच. आधी लांब काठीने पाला हलवा, कारण पाचोळ्यात घोणस ओळखू येत नाही. ताणलेली तार तोडताना उसळते, म्हणून बाजूला उभे राहा. घाणेरी मुळासकट खणा. नुसती छाटली तर पावसाळ्यात पुन्हा फुटतेच. शहरहद्दीतलं झाड मात्र १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि हद्दीचे दगड? त्यांना हात लावू नका. शेजाऱ्याशी कुरबूर असेल, तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी, मगच कुदळ.