वादळापूर्वीचा कागद
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



दिनांक 3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यास लागले. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड आणि खाली मंडणगड, दापोली या तालुक्यांत काय घडले ते येथे बसलेल्यांस नव्याने सांगावयास नको. कौले उडाली, पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले, पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली नारळी-पोफळीची बाग दोन-चार तासांत आडवी झाली. विजेचे खांब मोडले ते कित्येक गावांत आठवड्यामागून आठवडे तसेच होते. वीज नाही म्हणून पंप नाही, आणि पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. ज्यांनी जुनी विहीर बुजवली नव्हती, ती घरे त्या दिवसांत श्रीमंत ठरली.

त्यानंतर पंचनामे सुरू झाले. शासनाने त्या वेळी नेहमीच्या दरांपेक्षा जास्त मदत दिली, हे मान्य केलेच पाहिजे. बागायतीसाठी हेक्टरी 18,000 रुपयांचा दर होता, तो दोन हेक्टरच्या मर्यादेत 50,000 करण्यात आला. पूर्ण पडलेल्या घरासाठी 95,100 ऐवजी दीड लाख रुपये ठरले. परंतु कोकणातील वाडी हेक्टरात मोजली जात नाही, ती गुंठ्यात मोजली जाते. हेक्टरी 50,000 म्हणजे गुंठ्याला सुमारे 500 रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीचे अडीच हजार झाले, त्यात पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीदेखील निघत नव्हती. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी हाती यावयास पाच-सात वर्षे लागतात, ते निराळेच.

लोकांनी ओरड केली ती रास्त होती. पुढे त्याच वर्षी झाडागणिक दर आला, नारळास 250 रुपये व सुपारीस 50 रुपये. समजा, त्याच पाच गुंठ्यांत शंभर पोफळी आणि दहा माड पडले, तर साडेसात हजार होतात. मोजण्याचे माप बदलले एवढ्याने रक्कम तिप्पट झाली. तरी मदत सर्वांस सारखी मिळाली नाही. सातबारावर आठ नावे, त्यांतील तीन मयत, दोघे डोंबिवलीस, एकाचा पत्ताच नाही. वारसनोंद केलेली नाही, संमतीपत्र नाही. घर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये नोंदलेले नाही. आपत्ती निधीच्या नियमाप्रमाणे पडलेले घर अधिकृत बांधकाम असावे लागते. मग पंचनाम्यावर ‘त्रुटी’ असा शेरा पडतो व कागद परत येतो. कारकुनावर राग निघतो, तो निघणारच; पण वारसनोंद काही वाऱ्याने उडवून नेलेली नव्हती.

हे झाले वादळानंतरच्या पैशाचे. खरे बोलावयाचे आहे ते वादळापूर्वीच्या पैशासंबंधी, कारण तो पंचनाम्याने येत नाही, मागणीने येतो.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी राज्याच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले. 80 टक्के रक्कम संकट कोसळल्यावर द्यावयाच्या मदतीसाठी, आणि 20 टक्के रक्कम नुकसान मुळातच कमी व्हावे यासाठी. या दुसऱ्या भागास सौम्यीकरण निधी म्हणतात. नाव जड आहे, अर्थ साधा आहे: कौले उडाल्यावर नवी देण्यापेक्षा आधीच बांधून घेणे. त्याआधी 2015 साली केंद्राने चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाचा दुसरा टप्पा मंजूर केला, त्यात महाराष्ट्र व गोवाही होते. अलिबागेस विजेच्या तारा जमिनीखालून नेण्याचे काम त्यातलेच. बहुउद्देशीय निवारे, खारबंदिस्तीचे बांध आणि धोक्याची सूचना गावापर्यंत पोहोचविणे हीदेखील त्याच प्रकल्पातील कामे.

निवारा म्हटला की ओडिशाचे नाव घ्यावे लागते. 1999 च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. 2019 साली फनी वादळ आले तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक आधीच हलविले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. तेथील कित्येक निवाऱ्यांत एरवी शाळा भरते, आणि देखभालीस गावचीच समिती असते. वर्षभर कुलूप लावून ठेवलेल्या इमारतीत ऐन वादळात विंचू आणि वटवाघळेच निघतात.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. मंदिराचा सभामंडप आता पक्का झाला, तेव्हा तेथेच सरकारी पैशातून निवारा करावा अशी सूचना पुष्कळांच्या मनात आहे. सूचना चांगली, पण खासदार निधीच्या नियमांत प्रार्थनास्थळाच्या आवारातील कामे बसत नाहीत. निवाऱ्याची मागणी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जागेवर करावी. वादळाच्या रात्री सभामंडप उघडा ठेवण्यास मात्र कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

आता विजेकडे वळू या. डिझेलचे जनित्र धूर सोडते, महाग पडते, आणि रस्ता झाडांनी बंद झाला की डिझेलही पोहोचत नाही. म्हणून सूर्यावरची वीज. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत, जिची मुदत 2026-27 पर्यंत ठेवली आहे, घराच्या छपरावर एक किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा त्याहून अधिकला 78,000 रुपये अनुदान ठरले. गावेच्या गावे तिकडे वळत आहेत. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे लहानसे गाव 2024 साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून पुढे आले. आदर्श सौरग्रामासाठी केंद्राने जिल्ह्यागणिक एक कोटी ठेवले, पण मूळ सूचनांत पाच हजारांवर लोकवस्तीची अट घातली. कोकणातल्या वाड्यांची वस्ती पाहता ही अट दिल्लीत बसूनच सुचू शकते.

परंतु पॅनेल बसविणारा एक गोष्ट बहुधा सांगत नाही. महावितरणच्या तारेला जोडलेली साधी सौर यंत्रणा, तारेतील वीज गेली की आपोआप बंद पडते. ते मुद्दाम केलेले असते. नाहीतर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला उलट्या बाजूने येणाऱ्या विजेचा धक्का बसेल. म्हणजे निसर्गसारखे वादळ पुन्हा आले तर गावातील प्रत्येक छपरावर पॅनेल असूनही गाव अंधारातच राहील. त्यासाठी बॅटरी व तीवर चालणारा इन्व्हर्टर हवा, आणि बॅटरीस घरगुती अनुदान नाही. घरोघरी ते परवडणार नाही. गावात एकाच ठिकाणी ते करावे: पाण्याचा पंप, आरोग्य उपकेंद्रातील लसींचे शीतकपाट, चार दिवे आणि फोन चार्ज करण्याची सोय. पॅनेलचा सांगाडा वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आय.एस. 875 भाग 3 प्रमाणे, असल्याचे बसविणाऱ्याकडून लेखी घ्यावे. तोंडी हमी पहिल्या वावटळीत उडते.

हे सर्व ग्रामपंचायत विकास आराखड्यात लिहिलेले असले पाहिजे. जे काम आराखड्यात नाही त्यास पैसा नाही, मग ते कितीही निकडीचे असो. ठराव, जागेचा उतारा, अंदाजपत्रक, आणि काम झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र. पहिला हप्ता खर्च करून प्रमाणपत्र न दिल्यामुळे दुसरा हप्ता गमावलेली गावे प्रत्येक तालुक्यात सापडतील. ज्या समितीने या मंदिराच्या वर्गणीची पावतीन्‌पावती फाईलला लावली आणि जमाखर्च देवळाच्या भिंतीवर चिकटविला, तिला हे अवघड नाही. त्यांतील दोन तरुण माणसे ग्रामसभेने या कामास मागून घ्यावीत.

आराखड्याची ग्रामसभा 2 ऑक्टोबरच्या सुमारास भरते. मुंबईकर मंडळी तेव्हा येथे नसतात. त्यांनी गणपतीस येताना आधारकार्डाची प्रत आणि मयत खातेदाराचा मृत्यूचा दाखला बरोबर आणावा, म्हणजे आरत्या आटोपल्यावर तलाठी कार्यालयात वारसनोंदीचे अर्ज देता येतील आणि सामाईक खात्याच्या संमतीपत्रांवर सह्या होऊन जातील.