आधी प्रत, मग दुरुस्ती

(बिबवेवाडीतील उन्हाळी व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कवरील फाइल सिस्टिमचा बिघाड’. मला त्यातलं एकच सांगायचंय. बिघडलेल्या डिस्कवर दुरुस्ती चालवू नका. आधी तिची प्रत काढा आणि जे काय करायचं ते प्रतीवर करा.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, यात वेळ घालवत नाही. समोर इंजिनिअरिंगची मुलं बसलीत, आणि मार्केट यार्डातल्या मंडळींचा हिशेब अशाच मशीनवर चालतो. एवढं ध्यानात असू द्या की, आतल्या मशीनला जी डिस्क वाटते, ती बऱ्याचदा बाहेरच्या सर्व्हरवरची, म्हणजे होस्टवरची, एक मोठी फाइल असते. तिला इमेज म्हणतात. आत एक फाइल सिस्टिम, बाहेर दुसरी, तिच्याखाली खरी डिस्क. दुखणं कुठल्या थरात आहे, ते आतून कळत नाही.

आता गुरुवार घ्या. (हशा) हसलात, म्हणजे सांगायला नको. महावितरणचं दुरुस्तीचं काम, वीज नाही, यूपीएसने मान टाकली की सर्व्हर जागेवर बंद. कुणी म्हणेल, ईएक्सटी-फोर फाइल सिस्टिमला जर्नल असतं की! असतं. बदलाची नोंद आधी जर्नलमध्ये होते, मग मूळ जागी. पण जर्नलची सगळी मदार डिस्कच्या शब्दावर. डिस्क ‘लिहिलं’ म्हणाली, तर ते लिहिलेलं असायलाच हवं. वेग मिळावा म्हणून कुणी होस्टवर कॅशे ‘अनसेफ’ करून ठेवली असेल, तर आत उत्तर जातं ‘लिहिलं’, आणि मजकूर मात्र होस्टच्या मेमरीतच असतो. वीज गेली की तो गेला, आणि काय आधी लिहिलं, काय नंतर, हा क्रमही गेला.

दुसरं कारण विजेचं नाही, हावेचं आहे. एक टीबीच्या जागेत तीन मशीनना प्रत्येकी पाचशे जीबी कबूल करायचे. होस्टची जागा संपते, तेव्हा आतली डिस्क अजून बरीच रिकामी दिसत असते! कुठे मशीन जागीच गोठतं, कुठे लिहिताना एरर येते आणि फाइल सिस्टिम स्वतःला रीड-ओन्ली करून घेते. माणूस घाबरतो, रीस्टार्ट करतो आणि एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, चालवतो, तेही ‘वाय’ लावून. म्हणजे तू विचारशील त्या सगळ्याला माझा होकार.

मागून कुणीतरी म्हणतंय, ‘आमचं दरवेळी त्यानेच सुरू होतं.’ होत असेल, मी नाकारत नाही. पण एफएससीकेचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं. तुमची खतावणी वाचवणं हे त्याचं काम नव्हे. धनी न सापडलेल्या फाइली ते लॉस्ट-फाउंडमध्ये टाकतं, नावाच्या जागी हॅशचं चिन्ह आणि एक आकडा. एका आडत्याच्या पेढीवर मार्चअखेर असा ढीग उपसणारे दिवाणजी मी पाहिलेत. फाइल उघडायची, कुणाचं बिल ते वाचायचं, वहीत टिपायचं, पुढची उघडायची. खालची इमेजच चुकीचे ब्लॉक देत असेल, तर त्या चुकीच्या माहितीवर एफएससीके निर्णय घेतं आणि तो डिस्कवर लिहून मोकळं होतं. परतीची वाट नाही.

मूळ वस्तूवर दुरुस्ती न करणं पुण्याला नवं असायचं कारण नाही. भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर त्याचे प्रमुख. शारदा, बंगाली, ग्रंथ, मलयाळम अशा कितीतरी लिप्यांतल्या पोथ्या, कुणाची पानं गहाळ, कुणाचा पाठ भ्रष्ट. पोथीवर दुरुस्ती नाही केली कुणी! उभ्याआडव्या रेघांचे फुलस्केप ताव घेतले. वर श्लोक, खाली प्रत्येक पोथीला एक ओळ, आणि पाठ वेगळा दिसला की तो अक्षरागणिक, त्या त्या अक्षराच्या बरोबर खाली. न स्वीकारलेले पाठही तळटीपांत छापले. १९४३ला सुखठणकर गेले, तरी काम चालत राहिलं आणि १९६६ला पूर्ण झालं. आज एखाद्या अभ्यासकाला त्यांचा निर्णय पटला नाही, तर पुरावा समोर आहे, त्याने वेगळा निर्णय करावा. सुखठणकरांनी स्वीकारलेल्या पाठाइतकंच मला हे मोठं वाटतं. त्या तावांवर आणखी बोलता येईल...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग भराभर.

मशीन बंद करा. आत डोकावण्याआधी होस्टवर जागा किती उरलीय ते बघा, होस्टचा लॉग वाचा, खरी डिस्क रडतेय का ते तपासा. इमेजची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. इमेज क्यूकाऊ-टू प्रकारची असेल तर प्रतीवर क्यूईएमयू-आयएमजीचं ‘चेक’, दुरुस्तीचा पर्याय न लावता. नुसतं ‘लीक’ म्हणालं तर जागा वाया गेलीय, मजकूर नव्हे. मग प्रत माउंट करा, आणि इथे नीट ऐका: ईएक्सटी-फोर नुसतं रीड-ओन्ली माउंट केलं तरी जर्नल डिस्कवर उतरवलं जातं. ‘नोलोड’ सोबत लावा. आधी हव्या त्या फाइली काढून घ्या, मग एफएससीके ‘एन’ लावून, म्हणजे नुसतं बघ, हात लावू नकोस.

‘स्नॅपशॉट आहे की आमच्याकडे!’ आहे, पण तो बहुधा त्याच डिस्कवर, त्याच मूळ इमेजच्या आधारावर उभा असतो. मूळ इमेज गेली की तोही गेला. बॅकअप वेगळा हवा, वेगळ्या जागी.

एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम राहिली. तिथे दुरुस्तीचं एक्सएफएस-रिपेअर कधी कधी अडतं आणि मोठा ‘एल’ लावायचा मार्ग दाखवतं. त्याने लॉग, म्हणजे तिथलं जर्नल, फेकला जातो, न उतरलेले बदल त्याच्याबरोबर जातात. आधी माउंट करून लॉग आपण होऊन उतरतो का ते बघा. नाहीच उतरला तर लावा ‘एल’, पण प्रतीवर.