दाखवणारा हात

(सोनाळा येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय तुम्हीच दिला आहे : आपल्या भागात पाहुण्यानं यावं, राहावं, फिरावं असं काय आहे? याची सुरुवात आपल्या एका सवयीपासून करतो. शेगावला दर्शन आटोपलं की पुण्या-मुंबईकडचा माणूस विचारतो, "इथं जवळपास आणखी काय बघण्यासारखं आहे?" आपण म्हणतो, "लोणार आहे, पण ते लांब पडते. बाकी इकडे काही नाही." तो रात्रीच्या गाडीनं निघून जातो. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग उभी असते आणि तिच्याकडे बोट करायचं आपल्याला सुचत नाही. हे न सुचणं मला फार लागतं, आणि आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

असं बोट करणं कुणाला जमलं ते बघायला आधी जरा लांब जाऊ. अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियाना राज्य आहे. मिसिसिपी नदी तिथं समुद्राला मिळते. नदीच्या मुखाशी पाणी फाटे फोडत, रेंगाळत, झाडांच्या मुळांतून वाहतं. अशा संथ पाण्याला तिथं 'बायू' म्हणतात. शब्द मूळचा तिथल्या चोक्टॉ आदिवासींचा. या बायूंच्या काठाला केजन नावाचे लोक राहतात. त्यांचे पूर्वज फ्रेंच बोलणारे शेतकरी, आजच्या कॅनडातल्या अकेडिया प्रांतातले. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घरादारातून हुसकावलं. घरं जाळली, माणसं जहाजांत भरून दूरदूर पाठवली. वणवण करत त्यातले काही लुइझियानाच्या दलदलीत पोचले आणि जी जमीन कुणाला नको होती तिथं त्यांनी बिऱ्हाड मांडलं.

त्यांच्यावर दुसरा घाव भाषेचा बसला. १९२१ च्या राज्यघटनेनं शाळेत फक्त इंग्रजी ठेवली. घरची फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना वर्गात शिक्षा व्हायची. दोन पिढ्यांत आजी-आजोबांची भाषा नातवांना समजेनाशी झाली. १९६८ साली राज्य सरकारनंच फ्रेंच जगवण्यासाठी एक परिषद नेमली. आणि आज? त्याच दलदलीत जगभरचे पाहुणे येतात. होडीत बसून मगरी बघतात, संध्याकाळी अकॉर्डियन आणि फिडलवर केजन जोडप्यांबरोबर नाचतात, लांबलचक टेबलावर वर्तमानपत्रं पसरून नदीतल्या उकडलेल्या झिंग्यांचा ढीग ओतला जातो आणि चारचौघांत बसून हातानं खातात. होडी चालवणारा पुष्कळदा तिथलाच असतो. त्याच्या आजानं त्याच पाण्यात जाळी टाकलेली असतात. पाहुणा पाणी बघायला येतो आणि त्या माणसाचं ऐकत बसतो.

मगरीचीही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कातड्यासाठी शिकार इतकी झाली की १९६२ साली लुइझियानानं शिकार बंद केली, आणि १९६७ मध्ये अमेरिकेनं तिला संकटग्रस्तांच्या यादीत घातलं. पुढं ती सावरली, १९८७ मध्ये त्या यादीतून बाहेरही आली. पण ज्या जमिनीवर हे सगळं उभं आहे, ती मात्र बुडते आहे. नदीला बांध घातल्यामुळे गाळ पसरायचा थांबला, तेलासाठी कालवे खोदले, समुद्र आत शिरला. १९३० च्या दशकापासून जवळपास ५,००० चौरस किलोमीटर भूमी पाण्याखाली गेली. म्हणजे पाहुणे वाढले तरी जागा वाचतेच असं नाही. जागा वेगळी सांभाळावी लागते.

आता घरी येऊ. सोनाजी महाराजांचं हे गाव डोंगराच्या दारात आहे. इथून उत्तरेला गेलं की अंबाबरवा अभयारण्य लागतं. १९९७ साली जाहीर झालेलं, १२७ चौरस किलोमीटरचं हे रान मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प निवडले गेले, त्यांत मेळघाट होता. साग, सालई, धावडा, तेंदू, मोह यांचं हे कोरडं रान. मार्चमध्ये बोडकं होतं तेव्हा आपल्याला ते वाळलेलं वाटतं, पण जनावर दिसायला तोच काळ चांगला. सोनाळ्यात वन्यजीव विभागाचं परिक्षेत्र आहे. सफारीची गाडी आपल्या डोळ्यांसमोरून जाते. तुमच्यातले किती जण तिच्यात बसले आहेत? मी स्वतः वयाच्या चाळिशीनंतर बसलो.

ती सकाळ सांगतो. गाडीत माझ्याबरोबर शहरातलं एक कुटुंब होतं आणि पुढं कोरकू तरुण मार्गदर्शक. तासाभरात वाघ दिसला नाही तेव्हा ते गृहस्थ कंटाळले. पोरानं गाडी थांबवायला सांगितली आणि मोहाच्या बुंध्याकडे बोट केलं. सालीवर चार-पाच तिरप्या, खोल रेघा होत्या. त्यांत डिंक सुकला होता. तो म्हणाला, "अस्वल चढलं होतं. खालच्या रेघा चढतानाच्या, बारीक. ह्या लांब ओरखडलेल्या उतरतानाच्या, अंग घसरलं त्याचं." मग थोडं पुढं उकरलेलं वारूळ दाखवलं आणि अस्वल तोंड भोकाला लावून उधई कशी ओढून घेतं त्याचा आवाज काढून दाखवला. गाडीतली लहान मुलगी हसून हसून बेजार झाली. तिनं विचारलं, "वाघाला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" तो म्हणाला, "कूला." आणि पाण्याला? "डा." परत फाटकापर्यंत ती मुलगी कूला, डा, कूला, डा करत होती. वाघ दिसला नव्हता आणि कुणाची तक्रार नव्हती.

त्या पोराच्या भाषेबद्दल थोडं सांगायला हवं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे. तिची सख्खी भावंडं दूर झारखंड-ओडिशाकडे, संथाळी आणि मुंडारी. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कोरकू' म्हणजे माणसं. आपल्या मराठीहून आणि डोंगरापलीकडच्या हिंदीहून तिचं मूळ सर्वस्वी निराळं. जगातले अभ्यासक जिच्यासाठी विमानानं येतात ती भाषा आपल्या आठवडी बाजारात भाजीचा भाव करताना ऐकू येते आणि आपण तिला 'डोंगरातली बोली' म्हणून बाजूला सारतो. होळीच्या दिवसांत कोरकूंचा फगवा, गादली-सुसून नाच, मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी सागाच्या लाकडावर घोडेस्वार आणि चंद्र-सूर्य कोरलेला मुंडा नावाचा स्मृतिस्तंभ, हे सगळं आपल्या तालुक्याचं वैभव आहे. पण हात जोडून सांगतो, तो नाच पाहुण्यांसाठी तिकीट लावून दुपारी बारा वाजता करून घ्यायचा नाही. तो ज्या दिवशी, ज्या देवासाठी असतो त्या दिवशीच व्हावा. पाहुण्याला बोलावणं असेल तर त्यानं कडेला बसून बघावा.

जंगलाच्या कडेला नरनाळा आहे. जिल्हा अकोला, पण आपल्याला शेजारच. शहानूरवरून वर चढताना एकामागून एक दरवाजे लागतात. महाकाली दरवाजापाशी थांबाच. १४८७ साली वऱ्हाडच्या फत्तेहउल्ला इमादुल्मुल्कच्या काळात तो उभा राहिला. कमानीवर दगडात कोरलेली अक्षरं, दोन्ही बाजूंना दगडी झरोके, आणि कोरीव काम इतकं नाजूक की हात लावायचा धीर होत नाही. अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त या किल्ल्याची नोंद केली आहे. गडावर २२ तळी मोजली गेली आहेत. इतक्या उंचीवर इतकी शिबंदी वर्षभर पाणी कुठून पीत होती, याचं उत्तर त्या तळ्यांत आहे. पावसाचं पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात कसं उतरवलं ते पाहायला शाळेतल्या मुलांना न्या. पाणलोटाचा धडा तिथं एका दिवसात समजतो.

पाण्याचं हे बोलणं आपल्या गावांना जिव्हारी लागणारं आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी खारट आणि मूत्रपिंडाच्या आजारानं घरंच्या घरं खचली. वारीजवळ वान नदीवर धरण झालं, हनुमान सागर. त्याच्या पाण्यावर १४० गावांची योजना उभी राहिली. ज्या पाण्याकडे लोक फोटो काढायला जातात ते कुणाच्या घरातल्या घागरीतलं पाणी आहे. तिथं बाटल्या आणि द्रोण फेकणाऱ्याला हात धरून अडवलं पाहिजे. आणि वारीच्या हनुमानाला गेलेल्या तरुणांना माझी विनंती आहे, तिथल्या मामा-भाच्याच्या डोहात उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या त्या पाण्यानं किती आयांची पोरं नेली आहेत हे इथं बसलेल्यांना मी सांगायला नको. पाहुण्याला डोह दाखवताना पहिलं वाक्य हेच असलं पाहिजे.

आता जेवणाकडे येतो. केजन लोकांचा 'गंबो' नावाचा दाट रस्सा जगात नावाजला आहे. गंबो हा शब्दच आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या भाषेतला, अर्थ भेंडी. म्हणजे भेंडीच्या रश्श्यासाठी माणसं समुद्र ओलांडून जातात. मग आपल्या मिरच्यांच्या भाजीनं काय पाप केलं आहे? हिरव्या लांब मिरच्या, तुरीची डाळ, आंबट चुका आणि थोडी भेंडी एकत्र शिजवायची, गरम आहे तोवर रवीनं घोटायची, मग शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि लसूण-जिऱ्याची फोडणी. पळसाच्या पानावर ती वाढली, बाजूला कळण्याची भाकर ठेवली, वरून कच्च्या तेलाची धार सोडली, की शेकोटीभोवती बसलेला माणूस बोलायचा थांबतो. वावरात गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, पौषातला हुरडा, वांग्याचं भरीत. ही भाजी रांधणाऱ्या बाईला आपण स्वयंपाकीण समजतो. तिला या भागाची जाणकार समजायला हवं, आणि तिच्या हाताचं मोल रोखीत तिच्याच हातात पडायला हवं.

हे सगळं आजच का बोलायचं? कारण गाडी येते आहे. अकोला-खंडवा मीटरगेज आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवली आहे. धुळघाटाजवळ रूळ डोंगराला वेढा घालायचे आणि गाडी स्वतःच्याच मार्गाखालून निघायची. लहानपणी मी आईच्या मांडीवरून खिडकीत वाकून शेपटाचे डबे शोधत असे. २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली. रुंद मार्ग जुन्याच वाटेनं मेळघाटातून न्यावा की नाही यावर मोठा वाद झाला, आणि अखेर व्याघ्र प्रकल्पाला वळसा घालणारी नवी वाट ठरली. त्या वाटेवर हिवरखेड, सोनाळा, जामोद ही नावं आहेत. वाघाची शांतता राखली म्हणून रेल्वे आपल्या दारावरून जायची आहे. स्टेशन झालं की पाहुणा आपसूक उतरेल. तो उतरेल तेव्हा त्याला घेऊन जायला बाहेरचा ठेकेदार उभा असेल की आपला पोरगा, हे आत्ताच ठरतं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की जागा दाखवण्याचा पहिला मान त्या जागेवर राहणाऱ्याचा. आणि त्याच्याही आधी ज्यांनी ती जागा सोडली त्यांचा. वाघासाठी मेळघाटातल्या कोरकू, निहाल, बलई कुटुंबांनी आपली गावं रिकामी केली. जिथं त्यांचे देव आणि मुंडे आहेत तिथं आज माणूस राहत नाही. त्या रानाची आडवाट, पाणवठा, कोणत्या झाडाला मध लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. सफारीचे मार्गदर्शक, मुक्कामाच्या घरांचे मालक, गडावरचे वाटाडे म्हणून पहिली नावं त्यांची यायला हवीत. केजन लोकांना घरातून हाकललं, त्यांची भाषा मारली, आणि तरी आज त्यांच्याच तोंडून त्यांची गोष्ट ऐकायला जग जातं. आपल्याला आपली माणसं एकदा गप्प करून मग दोनशे वर्षांनी त्यांचा उत्सव करायची गरज नाही. आत्ताच त्यांना बोलू द्या.

कामं छोटीच आहेत. सगळ्यात आधी, प्रत्येक शाळेनं वर्षातून एकदा मुलांना नरनाळ्यावर आणि एकदा अंबाबरव्यात न्यावं, आणि वाटाडा कोरकू असावा. दुसरं, गावातल्या दहा घरांनी एकेक खोली स्वच्छ करून पाहुण्याला मुक्कामाला द्यावी. जेवण घरचं, वेळ घरची, दर आधी सांगितलेला. तिसरं, बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांवर मचाणावर बसवून प्राण्यांची नोंद करायची संधी देतो, तिथं आपल्या पोरापोरींनी अर्ज करावेत. मी एकदा बसलो आहे. संध्याकाळी मोर आले, अंधार पडल्यावर सांबर, मध्यरात्री चांदण्यात एक रानगवा एकटाच पाण्यावर उभा राहिला. इतका वेळ पीत होता की मला कागदावर वेळ लिहायची आठवण राहिली नाही. शेजारच्या वनमजुरानं माझ्या दंडाला हात लावला आणि दुसऱ्या काठाकडे बोट केलं. मला काही दिसलं नाही. त्यानं बोट तसंच धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं झुडपाची सावली हलली आणि एक भेकर पुढं आलं. तो नसता तर त्या रात्रीच्या कागदावर भेकराचा रकाना कोरा राहिला असता.

असा हात आपल्या प्रत्येक गावात आहे. उद्या शेगावच्या फलाटावर कुणी विचारलं की इकडं काय आहे, तर त्याला सांगा, सोनाळ्याला या, एक रात्र राहा, आमचा माणूस तुम्हाला दाखवेल. आणि तो माणूस कोण, हे सांगण्यापुरतं तरी या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन या.