धोरण पटले, मत का नाही?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत खानदेशात भाजपची धोरणे सर्वत्र एकच होती. जळगावात स्मिता वाघ अडीच लाखांहून अधिक मताधिक्याने विजयी झाल्या. शेजारच्या धुळ्यात सुभाष भामरे ३,८३१ मतांनी पराभूत झाले. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत त्यांना आघाडी होती. मालेगाव मध्यने पारडे फिरवले. परंतु एवढे सांगून कार्यकर्त्याची सुटका होत नाही. डिसेंबर २०२३ मधील कांदा निर्यातबंदी मतदानाच्या जेमतेम पंधरवडाभर आधी उठली. तोवर भाव कोसळलेल्या शेतकऱ्याची विचारपूस कोणी केली? धोरणांना नकार नव्हता. नोव्हेंबरात जिल्ह्यातील पाचही जागा महायुतीनेच जिंकल्या. धोरण दिल्लीत ठरते. विश्वास मात्र शेतकऱ्याच्या ओट्यावर बसूनच मिळवावा लागतो.